‘ड्रायव्हर नव्हे, प्रवासी’ किट: एका बॉण्ड रायटरचा अभिप्राय

बेळगावात कोर्टाच्या आवाराबाहेर माझं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वाटणीपत्रं टाइप करून पोट भरते. लायसन्सशिवाय गाडी चालवता येते असं सांगून विकलेलं, भाच्याने ऑनलाइन मागवलेलं हे किट तो माझ्याकडेच घेऊन आला, कारण त्यातलं प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर काढून नोटरी करून हवं होतं. किंमत 2,499 रुपये. पाचपैकी एक तारा देतेय, तोही लॅमिनेशनला.

लॅमिनेशन खरंच झकास आहे. गरुडाचं चित्र असलेलं ‘मुक्त प्रवासी’ कार्ड, कडा गोल कापलेल्या, प्लास्टिकखाली एक बुडबुडा नाही. आमच्या झेरॉक्सवाल्याला दाखवलं, तोही चाट पडला. सोबत नंबरप्लेटवर चिकटवायची ‘खासगी, व्यापारासाठी नाही’ अशी पट्टी, प्रतिज्ञापत्राचा नमुना आणि वाचता वाचता डोकं उठवणारं हिंदी पुस्तक.

पुस्तकाचं म्हणणं असं: लायसन्स लागतं ते भाडं घेऊन गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला. स्वतःच्या कामाला जाणारा माणूस ‘प्रवास’ करतो, आणि प्रवास हा जन्मसिद्ध हक्क. शिवाय सरकारने जन्मदाखल्यावरून तुमच्या नावाचा एक कागदी माणूस तयार केलाय, त्याचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतं. दंड होतो तो त्याला, तुम्हाला नव्हे. म्हणून सहीपुढे ‘1-308’ लिहायचं, लाल शाईत अंगठा उठवायचा आणि न्यायाधीशांनाच विचारायचं, माझा तुमच्याशी करार कुठाय?

हा सगळा माल अमेरिकेतला. तिथे स्वतःला सॉव्हरिन सिटिझन, म्हणजे सरकारचा कायदा लागू न होणारे ‘सार्वभौम नागरिक’, म्हणवणारे लोक आहेत. 1970 च्या दशकात कर आणि सरकार न मानणाऱ्या गटांतून हे खूळ निघालं. पुढच्या दशकात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना असलेच कागद विकले गेले, बँकेचं कर्ज माफ होतं म्हणून. 1-308 हे तिकडच्या व्यापारी संहितेतलं कलम आहे. त्याचा तिथल्या ट्रॅफिक कोर्टाशीही संबंध नाही, मग बेळगावच्या कोर्टाशी कुठून असणार!

पुस्तकात पान भरून एक निकाल छापलाय: थॉम्पसन विरुद्ध स्मिथ, व्हर्जिनिया, 1930. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा नागरिकाला हक्क आहे, एवढाच भाग ठळक. शेजारच्या टेबलावरच्या तरुण वकिलाने मूळ निकाल मोबाइलवर काढला. त्यातच पुढे म्हटलंय की शहराला गाडी चालवण्यासाठी परवाना लावता येतो, वाजवी नियम करता येतात. आक्षेप होता तो दिलेला परवाना मनमानीने रद्द करण्याला. आणि त्याच्याही आधी, 1915 मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात राज्यांना गाडीची नोंदणी आणि लायसन्स सक्तीचं करता येतं, असा निकाल देऊन टाकला होता. त्याचं नावसुद्धा किटात नाही. कॅनडात 2012 मध्ये मीड्स विरुद्ध मीड्स या निकालात न्यायमूर्ती रूक यांनी असल्या सगळ्या युक्तिवादांची एकेक करून चिरफाड केली, तेही नाही. अर्धाच निकाल दाखवून दावा ठोकणारे पक्षकार आमच्याकडेही येतात, पण ते निदान त्याचे पैसे घेत नाहीत.

मोठ्या अक्षरांचं तर हसूच येतं. भाच्याच्या जन्मदाखल्यावर नाव कन्नडात, शाळेच्या दाखल्यावर मराठीत. दोन्ही लिप्यांत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही. मग तुझा कागदी माणूस जन्मला कुठे, असं विचारलं तर म्हणतो, “मावशी, आधारवर इंग्लिशमध्ये आहे की.” आधार काढून बघितलं. पहिलं अक्षर तेवढं मोठं.

मी प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं नाही. तरी पठ्ठ्या नुसतं कार्ड घेऊन बुलेटवरून निघालाच. शिकाऊ लायसन्सची सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपलेली, आठ काढायच्या चाचणीला हा फिरकलाच नव्हता. खानापूर रोडला तपासणीत अडवलं. हवालदाराने कार्ड उलटसुलट बघितलं आणि कन्नडात म्हणाला, “लायसन्स तोर्सरी,” म्हणजे लायसन्स दाखवा. याने सांगितलं, मी ड्राइव्ह करत नाही, ट्रॅव्हल करतोय. “हौद्री, ट्रॅव्हल माडरी. लायसन्स तोर्सरी.” म्हणजे, हो का, करा ट्रॅव्हल, पण लायसन्स दाखवा.

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये भाडं, व्यापार, करार असलं काही बघत नाहीत. कलम 3 सरळ सांगतं: सार्वजनिक जागी मोटार वाहन चालवायचं तर लायसन्स पाहिजे. नसेल तर कलम 181, पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर असल्यामुळे, विनालायसन्स माणसाला गाडी चालवू देणाऱ्या मालकासाठीचं कलम 180 त्यांच्या मानगुटीवर. दाजी तेव्हापासून माझ्याशीही धड बोलत नाहीत, जणू किट मीच विकलं.

दंडाचं एक वेळ सोडा. अपघात झाला असता तर? सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या स्वर्णसिंग निकालानंतर चाल अशी आहे की विनालायसन्स चालकाने कुणाला उडवलं, तर बऱ्याच वेळा विमा कंपनी जखमीला भरपाई देते आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करते. दोन एकर भाताचं रान विकायला काढायची पाळी त्यातूनच येते. लायसन्सची सरकारी फी सगळी मिळून हजाराच्या आत.

मला खरा राग आला तो विक्रेत्याच्या व्हॉट्सअॅप उत्तराचा. भाच्याने बेळगावचं नाव घेताच त्याने लिहिलं, तुमचा भाग तर वादग्रस्त, तुमच्यावर कुठल्याच राज्याचा कायदा चालत नाही. अरे, आम्ही 1 नोव्हेंबर 1956 पासून हा वाद घालतोय तो कायदा मानूनच की! 2004 मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, रस्त्यावरच्या गाड्या अडवायला नव्हे. दर 1 नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिवसाच्या सायकल फेरीला येणारा कार्यकर्ताही घरून निघताना खिशात कर्नाटकाचं लायसन्स ठेवून केए-22 ची स्कूटर काढतो. आणि हा कायदा तर केंद्राचा. कलम 13 प्रमाणे लायसन्स देशभर चालतं, कोल्हापुरात काढलेलं निपाणीत आणि चिकोडीत काढलेलं चंदगडात.

पैसे भरल्याच्या पावतीखाली बारीक अक्षरात अटी आहेत. पहिली अट: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. शेवटची: कोणताही वाद दिल्लीच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहील. गिऱ्हाइकाने कोर्ट मानायचं नाही, विक्रेत्याला मात्र कोर्ट पाहिजे, आणि तेही स्वतःच्या गावचं.

तरी ज्यांनी हे किट घेतलंय त्यांनी दिल्लीच्या अटीला घाबरू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पावती, व्हॉट्सअॅप संदेशांचे फोटो आणि कार्ड घेऊन या. भाच्याचा अर्ज फुकट टाइप केलाय, बाकीच्यांना पानामागे नेहमीचा दर लागेल.