दौलताबादच्या पायथ्याला ब्लूज आणि गोंधळ: दोन रात्री उघड्यावर

मी सेलूच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्या, काटा, रुई, सरकी, गाठी यातून मान वर काढता येत नाही. मे महिना मात्र मोकळा असतो. दौलताबादजवळ एका शेतात शनिवार-रविवार असं दोन रात्री उघड्यावर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि आपलं लोकसंगीत होणार आहे असं कळलं, तेव्हा मी त्याच दिवशी तीन तिकिटं काढली. एक माझं, एक बायकोचं, एक आत्याचं. आत्या ७२ वर्षांची. "म्हातारीला उन्हात कशाला नेता," असं घरातले म्हणाले. पण जिचं सगळं तरुणपण जात्यावर ओव्या म्हणण्यात गेलं, तिला घरी ठेवून आपण लोकसंगीत ऐकायला जायचं हे मला पटेना.

तिकीट दोन रात्रींचं मिळून माणशी १,५०० रुपये, जेवण वेगळं. आमच्यासारख्याला ही रक्कम थोडी नाही. पैसे वसूल झाले का, तर झाले. पण बहुतेक वसूल झाले ते अशा वेळी, जेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

जागा निवडणाऱ्याला मनापासून शाबासकी. नांगरलेलं रान सपाट करून त्यावर टँकरने पाणी मारलेलं, त्यामुळे धूळ नाही. एका बाजूला जुनी कडुलिंबाची झाडं, समोर किल्ल्याचा तो तासून काढलेला डोंगर. ऊन उतरायला लागलं की आधी डोंगर तांबूस होतो, मग काळा, आणि मग रानातला गरम वारा एकदम निवतो. आम्ही सेलूहून रेल्वेने संभाजीनगरला उतरून पुढे जीप केली. मुख्य रस्त्यापासून आत यायला आयोजकांनी गाडी ठेवली होती, ती वेळेवर मिळाली.

पहिली चूक मात्र पहिल्याच तासात झाली. संध्याकाळी सहाला, सूर्य डोळ्यांत येत असताना, गोंधळ्यांना उभं केलं. वेळ दिली अर्धा तास. निवेदकाने हिंदी-इंग्रजीत "अब थोडा वॉर्मअप" असं म्हणून त्यांना बोलावलं. नाव नाही, गाव नाही. गोंधळ ही रात्रीची गोष्ट आहे. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची, मग तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, एकेका गावच्या देवाला नाव घेऊन बोलवायचं. पुढे आख्यान लागलं की तांबडं फुटेपर्यंत चालायचं. उजेडात दिवटी दिसतसुद्धा नव्हती. परभणी हे गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांचं गाव. त्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे बघवत नाही.

त्यात आवाजाची गडबड. साउंडवाल्याने संबळासमोर एक माइक लावला आणि ड्रमसेटला वाढवतात तसा खालचा आवाज वाढवून ठेवला. सगळा नुसता धबधब. तुणतुण्याला माइकच नाही. आत्याने मला कोपराने ढोसलं, "अरे, तुणतुणं कुठं गेलं? ते नसल्यावर हे गाणार कशाच्या आधारानं?" अगदी खरं. एकच तार, पण सगळा गोंधळ तिच्यावर टांगलेला असतो.

साडेसातला पुण्याची ब्लूजवाली पोरं आली. तीन मुलं आणि माउथ ऑर्गन वाजवणारी एक मुलगी. गिटारवाल्याला दर गाण्यानंतर तारा लावाव्या लागत होत्या. दिवसभर तापलेल्या रानात पोलादी तार सैल पडते आणि सूर उतरतो. संबळाचं उलट असतं, कातडं सुकून ताणतं आणि सूर चढतो. एकाच उन्हाने एक वाद्य खाली जातं, एक वर जातं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी ब्लूज गेली सात-आठ वर्षं ऐकतोय, रात्री जिनिंगच्या ऑफिसात मोबाइलवर. ते मला का धरून ठेवतं, याचं एक कारण कापूस आहे. हे संगीत वाढलं ते मिसिसिपीच्या डेल्टामध्ये, कापसाच्या रानांत, वेचणी करणाऱ्या काळ्या मजुरांच्यात. ब्लूजचे मोठे गायक-गिटारवादक बी. बी. किंग पोरवयात कापूस वेचायचे. तसेच दुसरे मोठे गायक मडी वॉटर्स स्टोवॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर राबत होते, आणि १९४१ मध्ये लोकगीतं जमवणारे अ‍ॅलन लोमॅक्स तिथं यंत्र घेऊन गेले, तेव्हा मडींचा आवाज पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी तर लिहून ठेवलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या छोट्या स्टेशनवर गाडीची वाट बघत असताना एक फाटक्या कपड्यातला माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. सेलूच्या स्टेशनवर रात्री बसलो की मला तो माणूस हमखास आठवतो.

तर ही पोरं गात होती आणि आत्या कान देऊन ऐकत होती. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नाही. तिसऱ्या गाण्याला म्हणाली, "हे पहिली वळ दोनदा म्हणायलंय. मग तिसरी येगळी."

"हो आत्या, त्यांची तशीच रीत आहे."

"रीत न्हाई रे. पुढची सुचायला येळ लागतो, म्हणून पहिली दोनदा. जात्यावर आमचं तेच. मी म्हणायची, जोडीची बाई तीच परत म्हणायची, तवर मला पुढची सापडायची."

ब्लूजच्या बारा 'बार'च्या (चार-चार मात्रांच्या बारा घरांच्या) आवर्तनावर मी पानंच्या पानं वाचली आहेत, पण हे इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे आहेत. त्यांचा आवाज ऐकताना मला नेहमी वाटायचं की हा ब्लूजच आहे. का वाटायचं ते आत्याने एका वाक्यात सांगून टाकलं.

बँड चांगला होता. माउथ ऑर्गनवाली मुलगी फार चांगली. गिटार एक ओळ म्हणायची आणि ही तिला असं उत्तर द्यायची की जणू भांडण लागलंय. गाणाऱ्याचा आवाज मात्र मला थोडा शिकलेला वाटला. दुःखाची जागा आली की तो मुद्दाम खरखर आणत होता. त्याची गरज नव्हती.

रात्री १० ला नियमाप्रमाणे लाउडस्पीकर बंद. निम्मे लोक तंबूंकडे आणि जेवणाकडे गेले. आम्ही शेतमालकाच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, पाणी प्यायला गेलो, तर तिथं ओट्यावर गोंधळी जेवून बसले होते. आत्याने सरळ विचारलं, "बुवा, संध्याकाळी अर्ध्यावरच राहिलं की वो."

नायक गोंधळी साठीचे. कवड्यांची माळ काढून मांडीवर ठेवली होती, ती त्यांनी परत गळ्यात घातली. एवढंच उत्तर. एका पोराने दिवटीत तेल घातलं.

पुढे जे झालं त्याला ना माइक होता ना स्टेज. संबळाच्या दोन्ही भांड्यांचा आवाज आता वेगवेगळा ऐकू येत होता, मोठ्याचा घुमारा आणि लहानाची टणक कडकड. वाकड्या टोकाची काठी कातड्यावर पडताना दिसत होती. आणि तुणतुणं! संध्याकाळभर जे हरवलं होतं, ते आता माशीसारखं कानाशी गुणगुणत होतं. देवांना आवतन गेलं. एकेका गावाचं नाव आलं की बसलेल्यांतला कुणीतरी हात जोडायचा, कारण ते त्याचं कुलदैवत. झील ओढायला आधी दोघं होते, मग दहा, मग सगळा ओटा.

अकराच्या सुमारास तो गिटारवाला मुलगा साधी लाकडी गिटार घेऊन आला आणि मागं बसला. बराच वेळ नुसता ऐकत होता. मग तुणतुण्याला कान लावून आपली एकच तार सावकाश जुळवायला लागला. जुळेना. संबळवाल्याने ते बघितलं, ओल्या फडक्याने मोठ्या भांड्याचं कातडं हलकंसं पुसलं आणि मान डोलावून त्याला खूण केली. मुलाने करंगळीत काचेची नळी घातली आणि त्या एका तारेवरून ती घसरवत नेली. बाकीच्या पाच तारांना त्याने हात लावला नाही. बुवा ओळ टाकायचे, साथीदार काहीतरी खोडी काढून प्रश्न विचारायचा, आणि तिसरं उत्तर काचेतून यायचं, बाईने हुंदका गिळावा तसं. मुलाने कुठंही पुढे पुढे केलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. दीड वाजता बुवा म्हणाले, "लेकरा, पुढल्या खेपेला धोतर नेसून ये," आणि त्या पोराने वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

रविवारचं थोडक्यात सांगतो. दुपार फार वाईट गेली. सावली कमी, आणि तीनच्या सुमारास पिण्याच्या पाण्याचे जार संपले ते तासभर आलेच नाहीत. ४१-४२ अंशांत हा अक्षम्य गुन्हा आहे, विशेषतः म्हातारी माणसं आणि लहान लेकरं असताना. बसायला जमिनीवरच्या मऊ गाद्या होत्या. गुडघे दुखणाऱ्याला त्यातून उठता येत नाही. आत्यासाठी जेवणवाल्यांकडून प्लास्टिकची खुर्ची मागून आणावी लागली. बायकांची स्वच्छतागृहं स्वच्छ होती, पण फार लांब, आणि वाटेवर उजेड नव्हता. जेवणाच्या कुपनांचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

जेवण मात्र उत्तम. गावातल्या बायका चुलीवर धपाटे लावत होत्या, सोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. पाडाचे केशर आंबे होते. त्या चुलीशेजारच्या लिंबाखालीच माउथ ऑर्गनवाली मुलगी आत्याला शोधत आली. रात्री आत्याने ओळीबद्दल जे सांगितलं ते मीच तिच्या कानावर घातलं होतं. ती म्हणाली, "आजी, एक ओवी म्हणा ना." आत्या म्हणाली, "जातं कुठाय? हात फिरल्याबिगर ओवी येत न्हाई, बाई." मुलीने हट्ट केला नाही. शेजारी बसून तिने दगडी जात्याचा खुंटा कुठं असतो, दोघी कशा बसतात, दळण किती पायल्यांचं, हे सगळं विचारून घेतलं. तासभर दोघी बोलत होत्या.

संध्याकाळी धाराशिवकडच्या आराधी बायका आणि पैठणकडचं भारूड झालं. आराध्यांच्या झांजा आणि ठेका जबरदस्त. भारूडवाल्यांना वेळ पुरला नाही. मधेच वळवाचं आभाळ आलं, चार थेंब पडले, साउंडवाल्यांनी ताडपत्र्या टाकल्या आणि अर्धा तास गेला. बँडची दुसरी रात्र पहिलीपेक्षा मोकळी होती. गाणाऱ्याने खरखर सोडली होती.

आयोजकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. गोंधळ रात्री ठेवा, आणि पूर्ण ठेवा. कलावंताचं नाव आणि गाव मराठीत घ्या. तुणतुण्याला माइक द्या.

पुढच्या वर्षी झालं तर आम्ही परत जाणार. जाणाऱ्यांनी माणशी पाच लिटर पाणी, एक गोधडी, टॉर्च आणि जमलं तर घडीची खुर्ची न्यावी. एकच रात्र परवडत असेल तर शनिवार धरा, आणि १० वाजता स्पीकर बंद झाला म्हणून उठू नका. परतीची गाडी रात्री दोनपर्यंत असते, शेवटची फेरी आखाड्यापाशीच थांबते.