चार महिन्यांचा अनुभव : सॅडल बरं आहे, पण लहान चणीच्या घोडीवर दुमचीशिवाय (शेपटाखालून जाणाऱ्या पट्ट्याशिवाय) चढवू नका

जानेवारीतल्या एका रविवारी, कळमेश्वरकडच्या पांदणीत, नाल्यात उतरताना हे सॅडल, म्हणजे खोगीर, माझ्यासकट घोडीच्या मानेवर सरकलं. नेमके त्याच वेळी तुरीतून दोन रोही (नीलगायी) उठले. घोडीने मान खाली घातली आणि मी तिच्या खांद्यावरून जमिनीवर. मला फारसं लागलं नाही. पण वाडीवर येऊन तंग, म्हणजे पोटाखालचा आवळपट्टा, सोडला तर तिच्या डाव्या कोपरामागची कातडी सोललेली होती, केस रक्ताने चिकटले होते. नोव्हेंबरात याच सॅडलला मी पाचपैकी पाच तारे दिले होते. त्या रात्री ते दोन केले. आज साडेतीन आहेत. मधे काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे लहान घोड्यांवर रपेट करणारे वाढत आहेत आणि विकणारा यातलं काही सांगत नाही.

सॅडल साधंच: सिंथेटिक, ऑल-पर्पज, सोळा इंची, गलेटची, म्हणजे पुढच्या कमानीची, पट्टी बदलता येणारं. मला १४,५०० रुपयांना पडलं.

माझी घोडी १३ हातांची (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), म्हणजे ५२ इंच उंच. मामांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणली. दख्खनी बांधा: आखूड पाय, रुंद छाती, गोल पोट, आणि मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तो जवळजवळ नाहीच. मुरमाच्या बरडावर तिच्यासारखं चालणारं जनावर मी पाहिलेलं नाही. मोठे घोडे जिथे पाय टाकायला कचरतात तिथून ती शेळीसारखी जाते.

सिंथेटिक घेतलं ते वजनामुळे. घोडीच्या छातीचा घेर १५५ सेंमी, लांबी १४० सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, असा हिशेब केला की अंदाजे २८३ किलो येतात. पाठीवरचा सगळा भार घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांत ठेवावा, म्हणजे इथे ५६ किलो. मी ५० किलोची. हे सॅडल पाच किलोचं, त्यामुळे कसंबसं बसतं. मामांचं जुनं चामड्याचं नऊ किलोचं आहे, ते घातलं की हिशेब चुकतो. लहान घोडं मजबूत असतं म्हणून कुणीही बसावं, हे मला मान्य नाही. ते बोलत नाही, एवढंच.

नोव्हेंबर छान गेला. सकाळी धुवारीत निघायचं, परतताना संत्र्याच्या वाड्यांत आंबिया बहाराची तोडणी चाललेली असायची. सपाट रस्ता, हलकं सॅडल, दव पडून भिजलं तरी फडक्याने पुसून मोकळं. मामांच्या चामड्याला दर पावसाळ्यात बुरशी येते, हे नुसतं पाण्याने धुता येतं. पाच तारे मी मनापासून दिले होते.

डिसेंबरात बरडाकडे जायला लागलो आणि त्रास सुरू झाला. चढताना ठीक. उतरताना सॅडल दर दोनशे पावलांवर दोन बोटं पुढे. खाली उतरायचं, तंग सैल करायचा, सॅडल मागे घ्यायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा चढायचं. एका रपेटीत सहा वेळा.

मी गलेटला दोष दिला. रुंद पट्टी टाकली तर सॅडल पुढून खाली बसलं आणि सरकणं वाढलं. अरुंद टाकली तर घोडी खांदे आखडून चालू लागली. ती पट्टी दुसऱ्या दिवशी काढली, पण तो एक दिवसही मला अजून सलतो.

मग तंगाकडे लक्ष गेलं, आणि खरं घोडं तिथेच अडलं होतं. सोबत आलेला तंग ४८ इंची होता. माझ्या घोडीला ४० पुरतो. पट्ट्यांची शेवटची भोकं वापरूनसुद्धा तो बोटभर सैल राहायचा, आणि बकला पार वर सॅडलच्या पाखेखाली, माझ्या मांडीला टोचायच्या. सैल तंग घासतो. जखम त्यानेच झाली.

पण लांबी ही अर्धीच गोष्ट. घोड्याच्या पुढच्या कोपरामागे छातीचा सगळ्यात अरुंद भाग असतो. तंग कुठेही आवळा, चालता चालता तो तिथेच जाऊन बसतो. गोल पोटाच्या घोडीचा हा भाग बराच पुढे असतो. या सॅडलचे तंगाचे पट्टे त्याच्या दोन इंच मागे लोंबतात. मग तंग पुढे जातो आणि सॅडलला ओढत नेतो. उंच मारवाडी घोड्याला ते अडवणारा उंचवटा असतो. इथे अडवायला काहीच नाही.

हिवाळ्यात त्यात केसांची भर. घोड्याला दाट केस येतात ते दिवस लहान व्हायला लागल्यामुळे, थंडीची ते वाट बघत नाहीत. त्यामुळे नागपुरात दुपारी ऊन चांगलं तापत असलं तरी डिसेंबरात घोडी केसाळ होते. तंगाखाली त्या केसांत घाम धरून राहतो, धूळ बसते, केसांच्या गुठळ्या होतात. आता मी निघण्याआधी खरारा करून तंगाच्या जागी उलटा हात फिरवून बघते. तंग आवळून झाला की तिचे पुढचे दोन्ही पाय एकेक करून पुढे ओढते, म्हणजे कातडीच्या वळ्या सुटतात. आणि पन्नास पावलं चालवून पुन्हा आवळते, कारण पहिल्यांदा आवळताना ती पोट फुगवून उभी राहते.

कंपनीशी अकरा दिवस भांडले. म्हणणं साधं होतं: ऑर्डरमध्ये घोडीची उंची आणि छातीचा घेर दोन्ही लिहिले होते, तरी ४८ इंची तंग पाठवला, तो बदलून द्या. तिघांनी एकच उत्तर दिलं, वापरलेला माल परत होत नाही. जखमेचा फोटो पाठवला तर, ‘मॅडम, फिटिंगची जबाबदारी ग्राहकाची.’ मग विचारलेली मापं कशासाठी होती? ४० इंची तंग हवा तर १,८५० रुपये आणि कुरिअर वेगळं. भीमथडी या दख्खनच्या लहान घोड्याला देशातली स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे, आपल्या लहान घोड्यांची ओळख सरकारदरबारी झाली आहे, आणि सामान विकणाऱ्याच्या यादीत अजून त्यांचं मापच नाही. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आला.

दोन तारे इथपर्यंतचे.

जखम वाळेपर्यंत तीन आठवडे घोडीवर काहीच चढवलं नाही, नुसती दोरीने फिरवली. त्याच दिवसांत नालबंद आले. सत्तरी ओलांडलेले आहेत, लहानपणापासून हेच काम. नाल ठोकून झाल्यावर सॅडलकडे बघून म्हणाले, “ताई, हिची दुमची कुठी हाय?”

मी म्हटलं, “दादा, याच्यासोबत दुमची येत नाही.”

“मंग हे पुढं जाईनच ना जी. गोल पाठीच्या जनावराले दुमची लागतेच. आमच्या बुढ्याच्या टाइमाले बिना दुमचीचं खोगीर कोनी टाकतच नव्हतं.”

मामांच्या जुन्या सामानात दुमची होती. मी ती शोभेची समजून खुंटीला टांगून ठेवली होती. वाळून तडकलेली, वापरण्यासारखी राहिली नव्हती, पण नमुना म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या एका मोचीकडे नेली. त्यांनी तिची शिवण उसवली तर शेपटाखाली जाणाऱ्या वळ्यातून जवस सांडले. ते जवस उगीच भरत नाहीत. अंगाच्या उबेने त्यातलं तेल हळूहळू चामड्यात उतरतं आणि वळं मऊ राहतं. त्यांनी नवीन वळंही जवस भरूनच केलं. जवस मीच घरून नेले. पट्टा, वळं, बकल आणि सॅडलच्या मागच्या उंचवट्याखाली शिवलेली कडी, सगळं मिळून ४५० रुपये.

पहिले चार दिवस नुसती दुमची घालून चालवली, सॅडलवर कुणी नाही. काही घोड्यांना शेपटाखालचा स्पर्श सहन होत नाही, लाथा झाडतात, म्हणून घाई करू नका. वळ्यात अडकलेले शेपटाचे केस एकेक करून बाहेर काढायचे. पट्टा इतका सैल हवा की पाठ आणि पट्टा यांच्यामध्ये आडवा हात सहज जाईल. दुमची सॅडलला मागे ओढण्यासाठी नाही, ते पुढे जाऊ लागलं तर धरण्यासाठी आहे. तंग मी शेवटी तोच १,८५० वाला घेतला, कोपराजवळ आत वळलेला, कारण जखमेवर कंजूषी करायची नव्हती.

पुढच्या रविवारी त्याच नाल्यात उतरले. सॅडल जागचं हललं नाही. घोडीच्या कानांवरून मला कळतं तिला काय वाटतंय ते. त्या दिवशी उतारभर तिचे कान पुढे होते. डिसेंबरभर ती प्रत्येक उतारावर कान मागे टाकायची आणि मी तिला आळशी समजत होते.

बाकीचं थोडक्यात. शिवण चार महिन्यांत कुठेही उसवली नाही. रिकिबीचे पट्टे सिंथेटिक आहेत, बाराव्या आठवड्यात ताणून डावा पाऊण इंच लांब झाला, दर महिन्याला अदलाबदल करा. बैठक पहाटे आठ-नऊ अंशांतही कडक होत नाही. खालचं नमदं फारच पातळ, ते पहिल्याच दिवशी बदललं.

साडेतीन तारे सॅडलच्या हलकेपणाला आणि शिवणीला आहेत. दीड तारा तंगासाठी कापला आहे आणि कंपनीने योग्य माप पाठवायला सुरुवात केली तरच परत देईन. मागे कडी शिवून देणं त्यांना पन्नास रुपयांचं काम आहे.

जखमेच्या जागी आता केस उगवत आहेत. दाब पडून दुखावलेल्या जागेवर कधी कधी कायमचे पांढरे केस येतात. रोज सकाळी मी तिथे बोट फिरवून बघते. अजून तरी तांबडेच आहेत.

४८ इंची तंग धुऊन वाडीवर ठेवला आहे. नागपुरात कुणाकडे १५ हातांचा घोडा असेल तर फुकट घेऊन जा.