नागपूर-मुंबई विमान: हवेत सव्वा तास, दारापासून दारापर्यंत पाच

नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते मुंबईचा सांताक्रूझ असं सरळ रेषेत मोजलं तर अंतर साधारण ६८० ते ६९० किलोमीटर भरतं. तिकिटावर दीड तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ छापलेला असतो, पण विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास. वरचा वेळ मुंबईच्या नावाचा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्हींवर एकाच वेळी काम चालत नाही. गर्दी झाली की विमान वरच घिरट्या घालतं. कंपन्या हे आधीच धरून वेळापत्रक लावतात, म्हणून इथून पंधरा मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही तिकडे वेळेवर टेकू शकतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, त्यामुळे परतीला थोडा कमी वेळ लागतो.

सेवा म्हणून सकाळचं पहिलं विमान चांगलं, संध्याकाळचं बेभरवशाचं. एकच विमान दिवसभर शहरं पालथी घालत असतं आणि सकाळचा उशीर साचत साचत रात्रीच्या फेरीवर येऊन पडतो. मुंबईत त्याच दिवशी पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा. हल्ली नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय, तेव्हा तिकीट काढताना कोड नीट वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दादरला जायचं आणि उतरायचं पनवेलजवळ, असं नको.

नागपुरात विमानतळावर जायला सीताबर्डीहून मेट्रो स्वस्त आणि वेळेची पक्की, पण एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे. तिथून टर्मिनलपर्यंत बॅगा ओढत जाण्यापेक्षा ऑटो बरा. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रो कामाची नाही. बॅगेचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी आत असा.

सामानात नागपूरकर हमखास अडकतो तो सावजी मसाल्यापायी. तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही, ते चेक-इनमध्ये टाका. पॉवर बँकेचं उलटं: ती हातातच हवी. संत्र्यांची पेटी १५ किलोच्या मर्यादेत धरली जाते, आणि पेटी भरली की कपड्यांना फारशी जागा उरत नाही. संत्रा बर्फी हातातल्या ७ किलोंत खुशाल न्या.

सगळं धरून सीताबर्डी ते दादर पाच तास लागतात. समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर कापून पुढे मुंबईत शिरायला याच्या जवळपास दुप्पट वेळ जातो. पण काम सकाळी फोर्टात असेल तर रात्रीची दुरांतो गाडीच घ्या. रेल्वेने अंतर ८३७ किलोमीटर पडतं खरं, पण ते झोपेत कटतं आणि सकाळी थेट सीएसएमटीला उतरता येतं.