व्हेरिकोसीलसाठी स्क्रोटल सपोर्ट: वजनानुसार निवड, आणि पाकिटावरचे खोटे दावे

कमरेचा इलॅस्टिक पट्टा, पुढे सुती पिशवी, आणि काही प्रकारांत नितंबाखालून जाणारे दोन पट्टे. स्क्रोटल सपोर्ट म्हणजे एवढेच. व्हेरिकोसील म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगणे. अंडकोश वर उचलून धरला की या फुगलेल्या शिरांमुळे दिवसभर उभे राहिल्यावर येणारा जडपणा आणि ओढल्यासारखे दुखणे कमी होते. हे काम चांगला सपोर्ट नीट करतो. त्याने शिरा पूर्ववत होतात किंवा शुक्राणू वाढतात असा दावा पाकिटावर असेल, तर ते पाकीट जागेवर ठेवून द्यावे. हर्नियाचा पट्टाही घेऊ नये. तो जांघेत दाब देतो, अंडकोश उचलत नाही.

माप चुकते ते बहुतेक वेळा पोटामुळे. पॅन्टचा नंबर सांगून सपोर्ट घेऊ नका. पट्टा जिथे बसणार तिथे, म्हणजे कमरेच्या हाडावर, टेपने माप घ्या. पोट सुटलेले असेल तर अरुंद पट्टा बसताना वरून दुमडतो, गुंडाळी होऊन कातडीत रुततो आणि पिशवी खाली सरकते. अशांनी रुंद पट्टा घ्यावा. सडपातळ माणसाला कमरेचे माप बरोबर येते, पण मागचे पट्टे सैल राहतात, म्हणून त्याने ते कमी-जास्त करता येणारा प्रकार बघावा.

घालायचा तो आडवे पडून. झोपल्यावर शिरा रिकाम्या होतात. उभ्याने चढवला तर भरलेल्या शिराच पिशवीत कोंबल्या जातात. रात्री काढून ठेवा. अंडकोशाचे तापमान शरीरापेक्षा 2 ते 4 अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. घट्ट सपोर्ट त्याला अंगाशी चिकटवून ठेवतो, म्हणून मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर तो दिवसभर घालू नये.

आता वजनाचे. जाड माणसांनाच हा त्रास होतो, हा समज उलटा आहे. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) जास्त असलेल्यांत व्हेरिकोसील कमी आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, आणि ही दुसरी शीर महाधमनी व आतड्याकडे जाणारी धमनी यांच्या मधून जाते. तिथली चरबी दोन्ही धमन्यांत अंतर राखते, तर उंच, किडकिडीत माणसात शीर चिमटीत सापडून खालचा दाब वाढतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र स्थूल माणसात हाताने तपासताना शिरा लागतच नाहीत, हेही कारण असू शकते. शंका असेल तर कलर डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करावा. तोही उभे राहून, जोर करायला लावून. 3 मिमीपेक्षा रुंद शीर आणि उलटा वाहणारा रक्तप्रवाह दिसला की निदान पक्के.

म्हणून काय, वजन वाढवायचे? मुळीच नाही. स्थूलपणात टेस्टोस्टेरॉन घटते, मांड्यांमधली उष्णता वाढते आणि वीर्याची प्रत व्हेरिकोसील नसतानाही ढासळते. उलट, वजन घटवल्याने फुगलेल्या शिरा आपोआप आकसत नाहीत. त्यासाठी उपाय शस्त्रक्रिया किंवा एम्बोलायझेशन (शीर आतून बंद करणे), आणि वीर्यतपासणीतला फरक साधारण 3 महिन्यांनी बघायचा.

फक्त उजव्या बाजूला शिरांचा फुगवटा आला, तो अचानक दिसू लागला किंवा आडवे पडूनही तो ओसरत नसेल, तर सपोर्ट घेण्याआधी पोटाची सोनोग्राफी करा. मूत्रपिंडातली गाठ शिरेवर दाब देत असू शकते.