टिरनी: कित्येक महिने खेळूनही मन न भरलेला आरपीजी

आरपीजीचा, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट जगायच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की तीच ती ठरावीक नावं पुढे येतात. 'टिरनी' कुणाच्या तोंडी फारसा येत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. ऑब्सिडियन या स्टुडिओने बनवलेला आणि पॅराडॉक्स या प्रकाशकाने नोव्हेंबर 2016 मध्ये आणलेला हा गेम मी गेले कित्येक महिने खेळतोय. एक वाट संपली की दुसरी धरतो, आणि दर वेळी वेगळंच काही हाती लागतं.

गोष्ट सुरू होते तेव्हा दुष्टांचा विजय जवळपास झालेला असतो. कायरॉस या सर्वसत्ताधीशाच्या सत्तेखाली सगळं जग आलंय, राहिलाय तो टिअर्स हा प्रदेश. आपण कायरॉसचेच फेटबाइंडर, म्हणजे निवाडा करणारे आणि वेळ पडली तर शिक्षाही देणारे अधिकारी. सुरुवातीला नकाशावर टिअर्सच्या स्वारीतले निर्णय घ्यायचे असतात: कुठे कुणाची बाजू घेतली, कुणाला अभय दिलं, कुठे कायरॉसचा हुकूमनामा वाचला. हे निर्णय पुढे आपला पिच्छा सोडत नाहीत. अनोळखी माणूससुद्धा तुम्ही काय केलंत ते तोंडावर ऐकवतो.

हुकूमनामा म्हणजे इथे साधा कागद नव्हे. तो वाचला की वादळं सुटतात, जमीन दुभंगते. पहिल्याच अंकात आपण एका दरीत जाऊन असा एक हुकूमनामा वाचतो: ठरलेल्या दिवसापर्यंत असेन्शन हॉल हा किल्ला ताब्यात आला नाही, तर दरीतले सगळे मरतील. त्या सगळ्यांत आपणही आलो. आणि ज्यांनी तो किल्ला जिंकायचा, त्या डिसफेवर्ड आणि स्कार्लेट कोरस या कायरॉसच्या दोन सेना एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. डिसफेवर्ड शिस्तीच्या आणि रक्ताभिमानी, तर कोरस म्हणजे हरलेल्यांनाच बळजबरीने भरती करून वाढवलेली झुंड. दोन्हींपैकी कुणाचीही बाजू घ्या, बंडखोर व्हेंड्रियन गार्डला मिळा किंवा सगळ्यांना झुगारा, हुकूमनाम्याची अट मात्र पुरी करावीच लागते. कायद्याच्या शब्दांत राहून आपल्याला हवं ते साधायचं, हीच या गेमची खरी मजा. तलवारबाजी त्यानंतर.

मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे मर्जी आणि रोष यांची मोजणी इथे वेगवेगळी होते. एकच गट तुमच्यावर खूशही असू शकतो आणि खवळलेलाही. सोबत्यांच्या बाबतीत निष्ठा आणि भीती मोजतात, आणि भीतीतूनही नव्या क्षमता मिळतात. बॅरिक या सोबत्याला घेतलात तर त्याची इन्व्हेंटरी, म्हणजे अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची यादी, जरूर उघडून बघा. वादळांच्या हुकूमनाम्यात सापडून त्याचं चिलखत अंगालाच जखडलंय, म्हणून ते काढताच येत नाही. सिरिन या दुसऱ्या सोबतिणीच्या शिरस्त्राणाचंही तसंच. तिच्या आवाजाची ताकद आवरायला कायरॉसने ते तिच्या डोक्यावर चढवलंय. चार ओळींच्या संवादापेक्षा इन्व्हेंटरीतली ती न बदलता येणारी जागाच जास्त सांगून जाते.

मंत्र स्वतः घडवायचे असतात. आग किंवा बर्फासारखं एक मूळ चिन्ह, ते कसं सोडायचं याचं दुसरं, आणि त्यावर पल्ला, जोर, कालावधी वाढवणारी चिन्हं. जितकी भर घालाल तितकं 'लोर', म्हणजे विद्येचं स्किल जास्त लागतं. मला तर यात लढाईपेक्षाही जास्त रस वाटला. स्किल वापराल तसं वाढतं, त्यामुळे पात्र आपोआप आपल्या सवयींसारखं घडत जातं.

उणिवा आहेत. लढाया थांबवत-थांबवत खेळायच्या, पण शत्रूंचे प्रकार कमी, त्यामुळे मधल्या टप्प्यात त्याच त्या वाटतात. तिसरा अंक घाईत उरकलाय, नुकती कुठे रंगत चढली असं वाटेपर्यंत शेवट येतो. पण त्याच अंकात फेटबाइंडरांचा वरिष्ठ न्यायाधीश ट्यूनॉन याच्या दरबारात तुमच्या आजवरच्या कृत्यांचा जाब विचारला जातो. तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा खेळलोय.

गेम आटोपशीर आहे, म्हणून एकाच खेळावर थांबू नका. स्वारीचा टप्पा टाळून पुढे जायची सोय आहे, पण पहिल्यांदा ती अजिबात वापरू नका. संवादांतल्या रंगीत शब्दांवर कर्सर नेला की माहिती दिसते, तीही वाचत चला. पहिल्यांदा एखाद्या सेनेच्या बाजूने खेळा आणि दुसऱ्यांदा बंडखोरांना मिळा. ज्यांच्यावर आधी स्वारी केली होती, त्याच माणसांची बाजू तेव्हा ऐकायला मिळेल.