परभणीच्या उन्हात आरटीएक्स ३०६०: घरीच बसवलेलं कार्ड, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला घरच्या कॉम्प्युटरमध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड स्वतःच बसवलं. आता आषाढ लागलाय. मधली सगळी लग्नसराई आणि परभणीचा मे महिना या कार्डानं काढला, म्हणून आता लिहायला बसलो.

माझं काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. आधीचं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं. फोरके फुटेजवर कलर करायला घेतलं की मेमरी भरायची आणि प्रीमियर, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, तिथंच अडकायचं. एक पूर्ण लग्न रेंडरला (म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाइल बनवायला) लावून जेवायला, झोपायला जायचो. आता तेच काम संध्याकाळच्या चहाच्या आत उरकतं. वेगाबद्दल मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळं विजेबद्दल आहे, कारण आपल्याकडं खरी अडचण तिथंच येते.

जुनं कार्ड ७५ वॅटचं. तेवढी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळते. ३०६० मात्र १७० वॅट घेतं, त्याला आठ पिनांची वेगळी केबल लागते, आणि एनव्हिडिया स्वतःच ५५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) घ्यायला सांगते. दुकानदाराचं म्हणणं होतं, जुन्या ४५० वर भागेल. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर त्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची केबलच नव्हती. नवा आणला. त्यात दोन आठ-पिनी केबली निघतात आणि लांबून सारख्याच दिसतात. प्रोसेसरची असते ती चार-चार अशी सुटते, कार्डाची सहा-दोन. बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची हातात आलीय असं समजा.

जुनं कार्ड काढताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्लॉटच्या टोकाच्या खटक्यावर. तो कार्डाच्या खाली दडलेला असतो, बोट पोचत नाही. धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा, आणि मी लाकडी पट्टीच्या टोकानं तो हळूच दाबला. टक् आवाज झाला आणि कार्ड वर आलं. तिथं स्क्रू ड्रायव्हर घालू नका, निसटला तर मदरबोर्डवर ओरखडा. नवं कार्ड दोन पट्ट्यांची जागा घेतं, म्हणून मागच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या काढल्या, कार्ड सरळ दाबलं, स्क्रू आवळले. माझा बोर्ड बी४५० चा, म्हणजे त्याचा कार्डाचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३.०, कार्ड ४.० चं. तरी बिनघोर चाललं. एचडीएमआय मात्र कार्डालाच लावा. माझ्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, मदरबोर्डला लावली तर स्क्रीन काळीच राहते.

याच कामात घरातली मोठी चूक सापडली. आमच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. वर्षानुवर्षं. आम्ही चप्पल घालून बसायचो आणि सोडून द्यायचो. एसएमपीएसच्या आत एक फिल्टर असतं, त्यातले छोटे कपॅसिटर थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर, म्हणजे बॉडीवर, सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर शंभरेक व्होल्ट बसून राहतात. एवढ्या किमतीचं कार्ड त्या पत्र्याला आवळायचं मला धाडस होईना, म्हणून वायरमन मामांना बोलावलं. फेज-न्यूट्रलवर मीटरनं २२८ दाखवले. फेज आणि तिसऱ्या पिनेत काटा धड कुठंच थांबेना. मामा बोर्ड खोलून म्हणाले, "भाऊ, ही पिन नावालाच हाय. मागं वायरच नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणात खड्डा घेतला, पाइप उभा केला, मीठ-कोळशाचे थर भरले, तिथून वायर थेट कॉम्प्युटरच्या बोर्डापर्यंत ओढली. पुन्हा मीटर लावलं तर तिथंही २२८ च्या आसपास. त्या दिवसापासून मुंग्या बंद. कार्ड घ्यायच्या आधी हे तपासून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या वाड्यांत आणि वाढवलेल्या खोल्यांत तर नक्कीच.

यूपीएसही बदलावा लागला. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. रेंडर चालू असताना लाइट गेली की तो ओरडायचा आणि बसायचा. आता अकराशेचा आहे.

उन्हाळ्याचं सांगतो. हिवाळ्यात रेंडरला कार्ड ६५ अंशांच्या आसपास असायचं. मेमध्ये बाहेर ४२-४३, खोली तापलेली, आणि कार्ड ८० वर. एनव्हिडियाची मर्यादा ९३ आहे, तरी मला ते बघवेना. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणली, म्हणजे १३६ वॅट. रेंडरला थोडी मिनिटं जास्त लागतात, पण पाच-सहा अंश उतरले.

एक चूक मात्र झाली. कॅबिनेट थेट कूलरच्या झोतात ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी उघडलं तर कार्डाच्या पंख्याच्या पात्यांवर पांढरी पूड. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे तुषार उडून तिथं वाळले होते. कोरड्या ब्रशनं साफ केलं, पातं बोटानं धरून, म्हणजे ते गरगरत नाही. आता कूलर समोरच्या भिंतीला आहे आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर. महिन्याला एकदा कॅबिनेटची जाळी झटकतो.

उन्हाळाभर दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकत होतो, माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं म्हणून. मृग बरसल्यापासून ते काम थांबलंय. मीटर तेवढं परवा लावून बघितलं, २२७ होतं.