नेहमीची किमो की डोस शोधणारी चाचणी?

आधी किमो होऊनही स्तनाचा कॅन्सर यकृतात किंवा फुप्फुसात पसरला आणि डॉक्टरांनी 'दोन औषधांच्या जोडीची चाचणी आहे, याल का?' असं विचारलं, तर पहिला प्रश्न एकच: चाचणी कितव्या टप्प्यातली?

पहिल्या टप्प्याचं काम सुरक्षित डोस शोधणं हे असतं. जुनी, रुळलेली पद्धत अशी: तिघींना कमी डोस द्यायचा. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघींना वाढवून. एकीला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघी. दोघींना झाला की वाढ थांबली. म्हणजे तुमचा नंबर कधी लागतो त्यावर डोस अपुरा की जड हे ठरतं. फायदा होऊ शकतो, पण चाचणी त्यासाठी आखलेली नसते. हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही.

नेहमीच्या किमोत, उदाहरणार्थ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, 14 दिवस घ्यायच्या, 7 दिवस सुटी. तळहात-तळपाय सोलतात, जुलाब होतात. पण हे त्रास आधीच माहीत आहेत, डोस कमी करता येतो. नागपूरच्या मे महिन्यात मात्र जुलाब हलक्यात घेऊ नका, आणि तापलेल्या गच्चीवर अनवाणी तर जाऊच नका.

मग जोडी जास्त चांगली नाही का? 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 511 जणींच्या मोठ्या चाचणीत डोसेटॅक्सेल या दुसऱ्या किमो औषधासोबत कॅपेसिटाबिन दिल्यावर आयुष्याचा मध्यक (निम्म्या जणी याहून जास्त जगल्या तो काळ) 11.5 वरून 14.5 महिन्यांवर गेला. त्रासही वाढला. शिवाय एकट्या डोसेटॅक्सेलवाल्यांपैकी थोड्यांनाच नंतर कॅपेसिटाबिन मिळालं, त्यामुळे 'एकामागून एक' देऊन काय झालं असतं हे त्यातून कळत नाही. आजार झपाट्याने वाढत असेल, दम लागत असेल, तर जोडीला अर्थ आहे. एरवी माझा कल एकेका औषधाकडे.

चाचणीची बाजू कधी भारी? नेहमीची औषधं संपत आली असतील, बाई स्वतःची कामं स्वतः करत असतील आणि दवाखाना जवळ असेल तेव्हा. सुरुवातीला रक्ताच्या तपासण्या वारंवार होतात. नागपुरात जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात किंवा मेडिकलला (सरकारी रुग्णालय) जाणं गोंदिया-गडचिरोलीहून वेगळं आणि सीताबर्डीहून वेगळं. चाचणी मुंबईत असेल तर राहण्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब आधी करा. रात्री 100.4 ताप आला तर तासाभरात कुठे पोचाल, हेही ठरवून ठेवा. दोन्ही वाटांवर हे लागू आहे, जोडीत जरा जास्तच.

भारतातल्या औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत मिळतात, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास भरपाईची तरतूद आहे, आणि मधेच बाहेर पडता येतं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या. 'आत्ताच सही करा' म्हणणाऱ्याला 'उद्या येतो' म्हणायचं.